सेहेचाळीस

रावपुऱ्यात, टॉवरच्या अलीकडे,
हसमुखभाईंचं पाच फुटी दुकान.
पहिल्या पगाराचे पैसे खिशात,
निरंजन सेहेचाळीस मिलिमीटरचं मागतो.

हसमुखभाई वहीचा कागद फाडून
त्याच्या मनगटाभोवती पट्टी गुंडाळतात:
"सव्वासहा इंच. छत्तीस घ्या, फार तर अडतीस."
पण त्याने मोठं बांधलंय केव्हाच.
घड्याळाचे कान मनगटाबाहेर,
शर्टाची बाही वर अडकलेली,
वाटीवर परात झाकावी तसं.

"भारी आहे ना, मामा?"
वजनाने की मोलाने,
मी विचारत नाही.

हसमुखभाई चाकूच्या टोकाने मागचं झाकण काढतात.
आत रुपयाएवढं यंत्र,
भोवती पांढऱ्या प्लास्टिकचं कडं.
एवढा मांडव, आणि जेवायला चार पानं.

छत्तीसचं त्यांनी उघडलं नाही,
नुसतं माझ्या कानाला लावलं.

तरी निरंजनने मोठंच घेतलं.
स्कूटरवर मागे बसून न्यायमंदिरापर्यंत
तीनदा हात लांब करून वेळ पाहिली
माझ्या खांद्यावरून.
मीही पाहिली.
चष्मा घरी राहिला होता,
आणि काटे, खरं सांगतो,
स्वच्छ दिसले.