दंडघेर

हर्षद गांगुर्डे, वय चोवीस, सातपूरच्या जिमचा मास्तर,
म्हणाला, काकू, आधी पाय मारायचे.
बैठका झाल्या की रक्तात हार्मोन उसळतात,
त्या लाटेवर दंड भरतो.
मी म्हटलं, बाबा, माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली,
आता कसली लाट?
तो लाजला,
कुणाच्या तरी बारला प्लेट चढवायला निघून गेला.

मी ब्लाउज शिवते. मापाशिवाय बोललेलं मला कळत नाही.
गिऱ्हाइकांच्या वहीत नवं पान काढलं.
नाव : मीच.
डावा दंडघेर सव्वाअकरा.
उजवा सव्वाअकरा, वर एक दोरा.

सोमवारी नुसता डावा हात.
पाच किलोचं डंबेल, दहा-दहा तीनदा,
की घरी.
गुरुवारी आधी बैठका, मांड्या लटपटेपर्यंत,
कानात धडधड, तोंडात पितळेची चव,
मग उजवा.
तेच डंबेल, तेवढेच दहा.

मधे गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
मी पूर बघायला गेले.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, मग छातीला,
पुलावरची माणसं मोबाइल उंच धरून
आता गळ्याला लागणार, आता लागणार.
बुधवारी उतरलं.
मारुती होता तेवढाच.
बोटभर वाढला नव्हता.
अंगावर गाळ, खांद्याला अडकलेली एक चिंधी,
जॉर्जेटची.

सोळा आठवडे. दिवाळीची शिलाई अंगावर,
रात्री अकराला टेप घेतला.
डावा पावणेबारा.
उजवा पावणेबारा.
दोरा कुठे गेला कुणास ठाऊक.
सुनेकडून पुन्हा मोजून घेतलं,
स्वतःचं माप घेताना हात ढिला पडतो.

हर्षद म्हणाला, एका माणसावर काही सिद्ध होत नाही, काकू.
खरंय.
एका मापावर मीही गावाचे ब्लाउज बेतत नाही.
आणि तासाभराचा पूर वेगळा, नदी वेगळी;
नदीच आटली तर काय होतं, ते मला माहीत नाही.
माझी किती उरलीय, तेही मोजलेलं नाही.

एवढंच की परवा सिलिंडर
मी एकटीने दुसऱ्या मजल्यावर नेला,
अर्धा जिना या हाताने, अर्धा त्या.
आणि लग्नातला हिरवा ब्लाउज दोन्ही दंडांना रुतला.
बाह्या उसवल्या.
नशीब,
शिवताना आत माया सोडली होती,
दोन्हीकडे सारखी.