चष्म्याच्या दुकानावर

गोखले रोडला खाली चष्म्याचं दुकान, वर आमचं क्लिनिक.
रोज दोघं-तिघं चुकून जिना चढतात,
धापा टाकत विचारतात, नंबर इथेच काढतात का?
मी म्हणते, नाही हो,
इथे लोक नंबर विसरायला येतात.
वजनकाट्याचं तोंड आम्ही भिंतीकडे करून ठेवलंय.

माझं काम साधं.
हेडसेट डोक्यावर बसवायचा, पट्टा आवळायचा,
वेणी असली तर अडकू द्यायची नाही,
आणि सत्र संपलं की भिंगं पुसायची.
काजळ असतं, घाम असतो,
कधी नुसतं मीठ, वाळून पांढरं,
वडाळ्याच्या मिठागरात कडेला साचतं तसं.

बाहेरून आलेल्या प्रोग्रॅममध्ये जेवणाचं टेबल होतं.
त्यावर पिझ्झा, केकचा मनोरा, तळलेली कोंबडी.
हर्षला पाठारे आत गेली आणि हसली.
एकोणीस वर्षांची,
घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरणारं.
"याला कोण घाबरतंय?"
पुढच्या मंगळवारी तिने वहीच्या पानावर लिहून आणलं:
स्टीलचं ताट. कोलंबीचं भानोलं.
डावीकडून येणारा एक हात, बांगड्यांसकट,
न विचारता वाढणारा.

डॉक्टर तळपद्यांनी अंधेरीच्या एका पोराकडून
तो हात करून घेतला. एकवीस दिवस लागले.
भानोल्याचा रंग दोनदा चुकला,
पण हात असा उतरला
की चाचणीला मी बसले तेव्हा
ताटावर माझा तळवा आपोआप आडवा झाला.

मेघनाद वेलणकर, बँकेत रोखपाल.
त्यांच्यासाठी बिनहाताची खुर्ची मुद्दाम आणलेली.
रात्री दोन वाजता फ्रिजच्या उजेडात
उभ्याने जेवतात, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून
डबा कापडात धरून उघडतात.
एकदा चुकून त्यांना हर्षलाचं ताट लागलं.
मी बंद करायला धावले.
"असू दे," ते म्हणाले. हात आला, वाढून गेला.
त्यांनी काहीच उचललं नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"कोणी वाढलेलं,
बारा वर्षं झाली असतील."
त्या दिवशी भिंगं दोनदा पुसली.

हर्षलाचं चौदावं सत्र.
खोलीत ती, खुर्ची, पंखा, बाकी काही नाही.
तिने हवेत तळवा धरला. "पुरे."
हात थांबला. थांबायला शिकवलंय त्याला.
तो मागे जायला लागला तशी घाईने म्हणाली,
"अर्धं चालेल."
मग पाचही बोटं जुळवून
तिने नसलेला घास उचलला,
ओठांपाशी आणला, तिथेच धरला.

खालच्या दुकानात कोणी म्हातारं
मोठ्याने अक्षरं वाचत होतं,
पहिली ओळ, दुसरी, तिसरी,
चौथीला अडखळून
पुन्हा पहिल्यापासून.