ताप

गोल्सा डावीकडे फिरते.
डावीकडे, पुन्हा डावीकडे,
भिंत आली की कपाळ टेकून थांबते,
भिंतीचं दार होईल अशी वाट बघत.

हाल्वार्दुर उंबऱ्यावरच. आत येत नाही.
पहाटे फोनवर म्हणाला, "एक मेंढी बरोबर नाही."
आजाराचं नाव घेतलं नाही.
या खोऱ्यात ते कुणी मोठ्याने घेत नाही.

त्याच्या बापाचा कळप त्या नावाने गेला.
तीनशे अकरा मेंढ्या, एका सकाळी.
मग मेंढवाड्याची लाकडं जाळली, माती खरवडली,
आणि दोन वर्षं कुरणात नुसता वारा चरला.
हाल्वार्दुर तेव्हा नऊ वर्षांचा.
त्याचं स्वतःचं एक कोकरू होतं, एवढं सांगतो.
कोकराचं नाव सांगत नाही.

मी आधी तिची पाठ खाजवते,
शेपटीच्या मुळाशी, नखं लावून, जोरात.
त्या आजारात मेंढी मान वर करते,
ओठ हलवते, सुखावल्यासारखी हवा चघळते.
हाल्वार्दुर तिच्या ओठांकडे बघतोय.
त्यालाही माहीत आहे.
ओठ हलत नाहीत.

लोकर शाबूत, कुठे घासल्याची खूण नाही.
डावा कान ओल्या मोज्यासारखा लोंबतोय.
बोट डोळ्याशी नेलं तरी डावी पापणी मिटत नाही.
डाव्या गालात रवंथाचा गोळा अडकलाय,
तो काढताना लाळ माझ्या कोपरापर्यंत येते.
उजवा कान मात्र माझ्या आवाजाकडे वळतो.
अर्धीच मेंढी आजारी आहे.
मला बरं वाटतं. हे बोलायचं नसतं.

मग थर्मामीटर.
एप्रिलचा बर्फ पत्र्यावरून घसरतो, धप्प.
एक्केचाळीस पूर्णांक तीन.

"ताप आहे," मी म्हणते,
आणि तो सहा फुटी माणूस
गव्हाणीच्या कडेवर बसतो,
दोन्ही हातांनी तोंड झाकून.
ताप ऐकून कुणाचा जीव भांड्यात पडलेला
मी पहिल्यांदाच बघते.
त्या आजाराला ताप नसतो.

बाहेर मुरघासाचे गोल गठ्ठे, पांढऱ्या प्लास्टिकात.
चालू गठ्ठ्याच्या माथ्यावर अंगठ्याएवढं भोक.
डोमकावळा.
भोकाखाली हातभर चारा काळा पडलेला,
नाकात बसणारा आंबूस, कुजका वास.
एवढ्याशा वाटेने हवा गेली,
हवेमागून, थंडीतही वाढणारा जंतू.

"हा गठ्ठा टाकून द्या. बाकीचे तपासा.
सून गरोदर आहे ना? तिला इकडे फिरकू देऊ नका."
आल्दीस सगळं पाठ्यपुस्तकासारखं लिहून घेते,
पेन अडतं, झटकते, पुन्हा लिहिते.

पेनिसिलिन, मोठा डोस, दिवसातून दोनदा.
"बहुधा वाचणार नाही," मी सांगते.
तो मान हलवतो. हो, हो.
"गेली तर डोकं प्रयोगशाळेत पाठवावं लागेल.
दोन्हींसाठी तपासतात. नियम आहे."
हो, हो. कॉफी घेणार का?
कॉफीत तो साखर दोनदा घालतो.

मी बॅग आवरते.
गोल्सा पुन्हा फिरू लागलीय,
पेंढ्यात तिच्या पायांनी एक वाट पडलीय, वाटोळी.
हाल्वार्दुर पहिल्यांदाच आत येतो,
त्या वाटेत गुडघे टेकतो,
ती येऊन त्याच्या छातीला धडकते, थांबते.

"गोल्सा," तो म्हणतो.
सकाळपासून तो फक्त कळप बघत होता.