दोन बहिणी, रात्रपाळीत

वित्स्केचा मेंदू आला तेव्हा पहाटेचे तीन.
मृत्यूनंतर पाच तासांत. उशीर चालत नाही.
अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यावर बर्फाची पातळ साय,
माझ्या हातात एक हजार नव्वद ग्रॅम.
अर्धा उणे ऐंशीला ठेवला, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये.
हिस्केचा, धाकटीचा, दोन वर्षांपासून
शेजारच्या कपाटात आहे.

काप रंगवले तेव्हा
वित्स्केत डागच डाग निघाले, तपकिरी,
जुन्या आरशाचा पारा उडावा तसे,
आणि पेशींच्या आत गुंतवळ.
आमच्या पुस्तकाप्रमाणे या बाईला
स्वतःचं नावही सांगता यायला नको होतं.
पण फाइल म्हणते,
एक्क्याण्णवाव्या वर्षीही ओहोटीच्या वेळा तोंडपाठ,
जायच्या आदल्या आठवड्यात
नर्सच्या गोळ्यांच्या हिशेबात चूक काढली,
आणि ती खरी निघाली.

हिस्केत तो रंग जवळजवळ लागलाच नाही.
हिस्के, जी चौऱ्याहत्तराव्या वर्षी
स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची,
ही बोट कुठे निघालीय?
आधी डच गेली, फ्रिशियन उरली,
मग फ्रिशियनमधलाही एकच शब्द. लोणी.
वर्षभराने वेगळा रंग लावला, तेव्हा
दुसरंच एक प्रथिन दिसलं,
ज्याच्या आजाराला नाव मिळून फार दिवस झाले नाहीत.
तेही पुरेसं होतं का, माहीत नाही.

इथेच घोडं पेंड खातं.
डाग म्हणजे आग, की राख?
की आग विझवायला धावलेल्यांच्या पायांचे ठसे?
नवी औषधं शिरेतून जातात, डाग खरवडतात,
घसरण मंदावते. थांबत नाही.
कुणाच्या मेंदूत थोडं रक्तही झिरपतं.
"मंदावते म्हणजे किती?" वोप्के विचारतो. दोघींचा भाचा.
"हिस्केआत्यानं मला अजून किती महिने ओळखलं असतं?"
मी म्हणालो, हे औषध तिच्यासाठी नव्हतंच.
तो गप्प. मग म्हणाला, "आणि मी कुणावर गेलोय?"

वित्स्के चाळीस वर्षं
होल्वर्टच्या बांधावरून आमलँड बेटापर्यंत
ओहोटीच्या चिखलातून माणसं चालवत न्यायची.
वोप्के सांगतो, ती नकाशा कधी घ्यायची नाही.
ओघळ दर हिवाळ्यात जागा बदलतात,
गेल्या वर्षीची वाट पाठ असलेलाच आधी रुततो.
म्हणून तिचा मेंदू टिकला?
सुंदर उत्तर आहे. मला सुंदर उत्तरांची भीती वाटते.
हिस्केही तोच चिखल तुडवायची, दर रविवारी, बहिणीच्या मागून.

वोप्केनं फॉर्मवर सही केली, स्वतःच्या मेंदूसाठी.
जाताना वित्स्केची काठी ठेवून गेला,
पाण्याची खोली मोजायच्या खाचा असलेली.
फ्रीझरला टेकवून ठेवलीय.
खालच्या दोन खाचा झिजून गुळगुळीत झाल्यात.
अहवालात 'कारण' या रकान्यात
मी पेन्सिलीनं लिहितो.