कुसमळीहून आणलेली फळी

दिवाळीआधीचा रविवार, सकाळचे साडेसात.
जांबोटी रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे
स्कूटी झाडाला टेकवून मी पेटी उघडते.
फळी फणसाची, वीतभर रुंद,
कुणाच्या तरी चुलीघराच्या खिडकीची,
धुरानं काळवंडलेली, वरून नुसती सरस लावलेली.

मलप्रभा इथं अजून मोठी व्हायला शिकते आहे.
गुडघाभर पाणी, त्यात धोंडे,
धोंड्यांवर कुणाचे तरी वाळत घातलेले परकर.

पहिली दहा मिनिटं हात आणि डोळा भांडतात.
मग ऊन वर चढतं
आणि भांडायला वेळ उरत नाही.
सावली सरकते, मी तिच्या मागं.
जांभा लाल म्हणावा तर करडा,
करडा म्हणावा तर कडेनं पेटलेला.
हिरव्याचं विचारूच नका.
भाताचा पिवळ्याकडे झुकलेला, बांबूचा निळ्याकडे,
आणि काजूच्या कोवळ्या पालवीचा तर हिरवाच नाही,
तांब्याला चिंच लावल्यावर येतो, तो.

सत्यव्वा म्हशी घेऊन येते. थांबते.
"बाई, काय कराल्यास गे?"
चित्र, मी म्हणते.
ती बघते फळीकडे, नदीकडे, परत फळीकडे,
वाण्याचा काटा तपासावा तशी.
"मग माझी म्हस कुठं हाय?"
मघाशी नव्हती ना.
"आत्ता हाय की!"
आणि वळून म्हशीवर ओरडते, "बारे इल्ली!"
म्हशीला कानडी, मला मराठी,
नदीत उतरताना दोन्ही बाजूला ठेवून नुसतं "हुश्श".

साडेनऊला सगळं सपाट होतं.
पेटी बंद.

खानापुरात कौलांचा कारखाना होता, त्याच्यामागं
वाळवणाची लांब शेड. भाडं सहाशे, उंदीर फुकट.
छपरात दोन काचेची कौलं,
त्यातून उजेडाचे दोन चौकोन जमिनीवर पडतात
आणि सरकतात. इथंही मी मागं मागं,
चार फुटी कॅनव्हास ओढत.

फळी शेजारी खिळ्याला.
तिच्या आभाळात एक चिलट अडकलंय,
रंगात कुसळ, आणि बारीक लाल धूळ.
इथं घाई नाही. इथं मी डोंगर दोन बोटं उचलते,
पूल पुसते, नदीला हवं ते वळण देते.
शाळा सुटल्यावर रोज तासभर, कधी ट्यूबलाइटखाली.
ट्यूबलाइट खोटं बोलते, हे मला माहीत आहे,
तरी दर मंगळवारी मी तिचं ऐकते
आणि बुधवारी सकाळी सगळा पिवळा खरवडते.

दोन महिन्यांत चित्र शहाणं झालं.
तपासणीच्या दिवशी तेल लावून
पहिल्या बाकावर बसवलेल्या पोरासारखं.
एकही चूक सापडेना. म्हणून झोप येईना.

मग एकदा फळी खिळ्यावरून काढून हातात घेतली.
पाण्याच्या मधोमध, अंगठ्याएवढ्या जागेत
रंगच नव्हता. उघडं लाकूड, धुराचं, काळं.
मी आठवत राहिले.
सत्यव्वेला उत्तर देत होते मी तेव्हा,
कुंचला हातात तसाच धरून.
आणि मोठ्या चित्रात तीच जागा
मी तीन वेळा, मन लावून, पाण्यानं भरली होती.

त्या रात्री तिथं पाणी खरवडलं.
काळा नव्हे, करपलेला तपकिरी
पातळ करून, बोटानंच लावला.
पुसला नाही. लांबून बघितलं नाही.

जानेवारीत परत कुसमळीला गेले.
नदी डोहापुरती उरलेली, शेतात भाताची खुंटं.
चार फूट कॅनव्हास स्कूटीवर मावत नाही,
मोबाइलमधला फोटो सत्यव्वेपुढं धरला.
तिनं पदरानं काच पुसली. डोळे बारीक केले.
"ही आमची न्हवं," म्हणाली,
"आमचीचं डावं शिंग मोडल्यालं हाय."

शिंगं मी काढलीच नव्हती.
पलीकडं म्हैस डोहात उतरली,
आणि सकाळपासून तिसऱ्यांदा
पाण्याचा रंग बदलला.