वार

माझी नेमणूक फरशी पुसायला आहे.
भाषा इकडची तिकडे करण्याचे पैसे नाहीत,
पण रात्री-बेरात्री हाक येते,
फोर्तुनाता, ये गं, हिला काय होतंय विचार.

आज एउलोगिया ताइपे.
पठारावरून सहा तास चालत आलेली,
ओढे ओलांडत, कळा मोजत,
एकावर एक चार लोकरी घागरे, गुडघ्यापर्यंत चिखल.

सगळं काढ, नर्स म्हणाली,
आणि पाठीमागून उघडा असा निळा झगा दिला.
एउलोगिया माझ्या कानाशी आली.
म्हणाली, पाऊल उघडं पडलं की गारठा आत शिरतो,
पिशवीत जाऊन बसतो, चूल मांडतो,
मग मरेपर्यंत जागा सोडत नाही.
मी डॉक्टरला सांगितलं, तिला थंडी वाजतेय.
पलीकडे पोचेपर्यंत एवढंच उरतं.

डॉक्टर सालदीवार लिमाचा, सव्वीस वर्षांचा.
सक्तीचं एक वर्ष काढायला आलेला,
या उंचीवर त्याचं डोकं सतत ठणकतं.
वाईट नाही. रात्री आईला फोन करतो.
म्हणाला, विचार, नऊ महिन्यांत एकदाही का आली नाही?

तिनं वेळ घेतला.
नवरा खाणीवर. ओळखपत्र सासूच्या पेटीत,
पेटीची किल्ली सासूच्या कमरेला.
मागच्या खेपेला इथली बाई म्हणाली, वास येतो तुझ्या अंगाला.
आणि आई.
आई एकदा दाढ दुखते म्हणून आली होती इथे,
घरी परतली ती ओटीपोटावर टाके घेऊन.
कागदावर अंगठा आहे म्हणतात,
तो कधी उठवला ते तिला आजही आठवत नाही.
मी शेंडेफळ का, विचार ना त्यांना, मी शेंडेफळ का...

तेवढ्यात कळ आली. वाक्य मधेच तुटलं.

काय म्हणाली?
लांब पडतं म्हणाली, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं, अज्ञान.
रकाना छोटा होता, शब्द नेमका बसला.

मग तिला टेबलावर उताणी निजवायला लागले
तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.
अल्पाका पाठीवर पडून विते का गं?
का कोण जाणे, हे मात्र मी जसंच्या तसं
स्पॅनिशमध्ये ठेवलं त्याच्यासमोर.

तो हसला नाही.
पुस्तकात आहे एक पान, म्हणाला, उभ्यानं, उकिडवं,
परीक्षेला विचारत नाहीत ते.
हातमोजे काढले, परत घातले.
बरं, म्हणाला, मला कुठे उभं राहायचं ते तिला विचार.

तिनं कमरेचा विणलेला पट्टा सोडला,
मी खिडकीच्या गजाला बांधला.
नर्स तणतणत बाहेर गेली
आणि परत आली ती स्वतःच्या खाटेवरचं ब्लँकेट घेऊन.
काही बोलली नाही. पायांवर टाकलं फक्त.

उजाडता उजाडता सुटका झाली.
मुलगी. घागऱ्यांच्या तंबूतून थेट डॉक्टरच्या ओंजळीत.
वहीत त्यानं वेळ लिहिली, वजन लिहिलं,
वार लिहिला, मंगळवार.

दुसरी वार लाल बादलीत पडली होती,
सुया, बोळे, सलाइनच्या नळ्यांच्या संगतीत.
एउलोगिया बाळाकडे बघत नव्हती. बादलीकडे बघत होती.
चुलीजवळ पुरायची असते. नाहीतर मूल
जन्मभर कुठे ना कुठे काहीतरी हरवल्यासारखं फिरतं.
हे तिनं सांगितलं नाही. मला ठाऊक आहे.

फरशीचं पाणी ओतायला मी निघाले.
पिवळी बादली, वर ओलं फडकं.
फाटकावरच्या माणसानं मान हलवली.
पायरीवर तिचा दीर बसला होता, त्यानं घोंगडी पसरली.

माझी दोन्ही बाळंतपणं इथलीच.
त्यांच्या वारेचं काय केलं, मी विचारलं नाही.
तेव्हा नवीन होते मी इथे. गणवेश नवा होता.
कुणी काही बोललं की सी, सी म्हणायचे,
आपली भाषा येत असल्याचं कळू देत नव्हते.