मुका कोन

सीताबर्डीच्या गल्लीत
एक कॅप्सूल बारा रुपयांना.
चौदा घेतल्या, दोन मेलेल्या निघाल्या,
दुकानदार म्हणाला, इतकं तं चालते.
पीव्हीसीचा पाइप अर्सलानच्या घरचा,
बाथरूमचं काम अर्धवट टाकून गेलेल्या मिस्त्रीचा.
त्याला करवतीने खाचा पाडल्या, चार-चार सेंटिमीटरवर,
जुन्या गादीचा फोम गुंडाळला,
आणि देवयानीने वरून
आईच्या साडीची किनार चिकटवली,
नाहीतर तो फारच नळासारखा दिसत होता.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
बंद खोलीतला आकडा मला नको.
जिथे माणसं खोकतात तिथे न्या.

म्हणून पाचपावलीचं समाजभवन.
वर पत्रा, खाली शहाबादी,
चार कुलर, त्यातला एक रडणारा,
मागून जाणारी मालगाडी,
मे महिना, रात्री नऊलाही भिंतींना हात लावू नये अशा.
फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं,
दर दहा अंशांवर एक टाळी.
छत्तीस टाळ्या, मग पुन्हा छत्तीस.
दारातली पोरं विचारत होती,
कोणाची आरती होऊन राहिली बे?

लॅपटॉपवर आकार उमटला:
समोर लांब जीभ,
बाजूंना दोन चिंचोळे कान,
आणि एकशे दहा अंशांवर
काहीच नाही.
तिथे उभा राहून मयंक घसा फाटेस्तोवर ओरडला,
रेघ जेमतेम थरथरली.
आम्ही त्याला मुका कोन म्हणू लागलो.
चुकीचं नाव. मुकं तिथे कोणी नसतं,
पाइप तिकडून बहिरा असतो.
पण पडलं ते पडलं.

रंगीत तालीम शुक्रवारी.
नामाजी पराते, वय एकोणसत्तर,
चाळीस वर्षं यंत्रमागावर,
राजाचं काम करतात,
आणि आवाज असा की
तिसऱ्या रांगेपलीकडे नुसता मुकुट पोचतो.
पाइप त्यांच्यावर रोखला.
पहिलंच वाक्य मागच्या भिंतीला जाऊन लागलं.
कुलर मागे सरले, मालगाडी लांबच्या गावची झाली,
अर्सलानने माझ्या दंडाला चिमटा काढला.

मग दुसरं वाक्य आलं.
दोनदा.
आधी एका बाईच्या आवाजात.

राजाच्या थेट मागे, पडद्याच्या फटीत,
स्टुलावर वत्सलाबाई निखारे.
सत्तावीस वर्षं प्रॉम्प्टर,
दिवसा ब्लाउज शिवतात.
पाइपला दिशा कळते, अंतर कळत नाही,
हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं,
त्या अंतरात कोणी बसलेलं असतं असं वाचलं नव्हतं.

हसू फुटलं. खुर्च्या वाजल्या.
त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नाही, त्या वाचत राहिल्या,
चष्मा नाकावर, बोट ओळीखाली.
तिसऱ्या अंकात राजा मुलाच्या प्रेताशी बसतो,
तिथे नामाजी अडले, नेहमीसारखे,
बाई पुढे गेल्या.
त्याही नेहमीसारख्याच गेल्या असणार,
फक्त आज ते भवनभर झालं.
खोकणारे खोकायचे राहिले.
फेडर माझ्या हातात होता.
खाली ओढायला हवा होता.

नंतर त्या आमच्याकडे आल्या,
पदराने मान पुसत.
"तुमचा पाइप कुठं आयकत नाही ते सांगा.
मी तिथं बसते."
मयंकने एकशे दहावर खडूची रेघ मारली,
स्टूल स्वतः उचलून नेलं.
बाईंनी त्याला विचारलं, जेवला का रे.

अहवालात एक ओळ आहे:
लक्ष्यामागील ध्वनी, दोष, जागा बदलून दूर केला.
एकूण खर्च एक हजार आठशे चाळीस,
चहा वगळून.

प्रयोग संपल्यावर मी विंगेत वायर गुंडाळत होते.
रेघ जागेवर होती.
स्टूल तिच्यापासून वीतभर अलीकडे.